स्कॅलिया गेले तेव्हा थांबायचं, गिन्सबर्ग गेल्या तेव्हा घाई: अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचं हे प्रकरण तिथे राहणारं कोणी सांगेल का?

पंचगंगेकाठी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात वकिली करते, बहुतेक दिवाणी दावे. आमच्या बारमधल्या आठ-दहा जणांचा अभ्यासगट आहे. महिन्यातून एकदा संध्याकाळी जमतो, एकजण विषय मांडतो आणि बाकीचे त्याची उलटतपासणी घेतात. पुढच्या वेळी पाळी माझी आहे आणि विषय मीच मागून घेतलाय: निवडणूक तोंडावर असताना सर्वोच्च न्यायालयातली रिकामी जागा भरावी का? अमेरिकेची २०१६ आणि २०२० ची उदाहरणं घेणार आहे.

तारखा सगळ्या वहीत उतरवल्यात. न्या. अँटोनिन स्कॅलिया १३ फेब्रुवारी २०१६ ला वारले. निवडणुकीला जवळजवळ नऊ महिने होते आणि डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामांच्या हातात अकरा. जागा भरली गेली नाही. न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग १८ सप्टेंबर २०२० ला गेल्या. निवडणूक ४६ दिवसांवर होती. जागा भरली गेली. राज्यघटना तीच, सिनेटमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहातल्या, बहुमताचे रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल तेच. मग हे झालं कसं? समोर आलेल्या नावावर काहीच न करता सिनेटला बसून राहता येतं का? आणि मला मनापासून जाणून घ्यायचंय ते हे: तिकडच्या साध्या माणसाला, कोर्टाची पायरी कधी न चढलेल्याला, या जागेचं एवढं काय पडलं होतं?

लेख भरपूर वाचलेत. तिथे राहून ज्यांनी हे पाहिलं त्यांच्याकडून ऐकायचंय.

वाईकर_हॅरिसबर्ग

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला होता.

मी मूळचा वाईचा. वीस वर्षांहून जास्त काळ पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहतोय. एका गोदामाचे हिशेब बघतो. कायद्याचं शिक्षण नाही, तेव्हा वकिलाच्या भाषेत चुकलो तर सांभाळून घ्या.

२०२० साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आमच्या राज्यात पहिल्यांदाच कारण न देता टपालाने मत देता येणार होतं. कोरोनाचे दिवस. माझ्या सासूबाई आमच्याकडे असतात, तेव्हा वय ७८, दम्याचा त्रास. त्या मार्चपासून घराबाहेर पडल्या नव्हत्या. मतपत्रिकेबरोबर दोन पाकिटं येतात. आतलं कोरं, गुप्ततेसाठी, त्यावर काही लिहायचं नाही. बाहेरच्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट घालायचं राहिलं तर मत बाद. हे आमच्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १७ सप्टेंबरला स्पष्ट केलं. त्याच निकालात दुसरी गोष्ट होती: मतदानाच्या दिवसापर्यंत टपालात पडलेली मतं तीन दिवस उशिरा, म्हणजे ६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाचपर्यंत पोचली तरी मोजायची.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, गिन्सबर्ग गेल्या.

रिपब्लिकन पक्ष त्या तीन दिवसांना स्थगिती मागायला वॉशिंग्टनला, देशाच्या सुप्रीम कोर्टात गेला. १९ ऑक्टोबरला निकाल आला, चार विरुद्ध चार. न्यायाधीश आठच होते ना. स्थगितीला पाच मतं लागतात, ती मिळाली नाहीत, म्हणून आमच्या राज्याचा निकाल तसाच राहिला. पण नववी खुर्ची आठवड्याभरात भरणार हे दिसत होतं, आणि चारच दिवसांत पक्ष पुन्हा त्याच दारात गेला. त्याआधी, २३ सप्टेंबरला, अध्यक्ष ट्रम्प स्वतः बोलून गेले होते की ही निवडणूक शेवटी सुप्रीम कोर्टात जाईल आणि म्हणून तिथे नऊ न्यायाधीश असणं फार महत्त्वाचं आहे. हे लपूनछपून नव्हतं, पत्रकारांसमोर होतं.

मी २० ऑक्टोबरच्या रात्री ही बातमी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या टेबलाशी बसून पाकिटावर सही करत होत्या. त्यांचा हात थरथरतो, इंग्रजी सही एकेक अक्षर जुळवून करतात. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, म्हणजे माझं पाकीट मोजायचं की नाही हे आता येणारा एक माणूस ठरवणार?" मला "नाही" असं ठामपणे सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना मास्क लावून, शाल गुंडाळून गाडीत घातलं आणि काउंटीच्या कचेरीत नेलं. ज्याचं मत त्यानेच नेऊन द्यायचं असा इथला नियम आहे, मला त्यांचं पाकीट देता आलं नसतं. सात महिन्यांत पहिल्यांदा बाहेर पडल्या त्या एवढ्यासाठी.

हे झालं साध्या माणसाचं. आता २०१६.

स्कॅलिया गेल्याचं कळलं तो शनिवार होता, रथसप्तमीचा आदला दिवस. आमच्या मंडळाचं हळदीकुंकू होतं, कडाक्याची थंडी पडली होती. उरलेले वाणाचे डबे गाडीत भरून घरी निघालो तर रेडिओवर बातमी. टेक्सासमध्ये एका रँचवर मुक्कामाला असताना ते गेले होते. आणि त्याच संध्याकाळी मॅकॉनेल यांचं निवेदन आलं: पुढचा न्यायमूर्ती निवडण्यात जनतेचा आवाज असला पाहिजे, म्हणून नवा अध्यक्ष येईपर्यंत ही जागा भरू नये. माणूस जाऊन दिवस उलटला नव्हता, ओबामांनी नावसुद्धा घेतलं नव्हतं. मी गाडी चालवताना बायकोला म्हणालो, अगं, अजून कोणाला नेमणार ते तरी कळू दे.

१६ मार्चला ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. वय ६३, डी. सी. सर्किट अपील कोर्टाचे मुख्य न्यायाधीश, ओक्लाहोमा सिटीच्या बाँबस्फोटाच्या खटल्याची देखरेख केलेले, दोन्ही बाजूंना चालतील असे. सिनेटमध्ये रिपब्लिकन ५४. त्यांनी गार्लंड यांना नाकारलं नाही हे नीट लक्षात घ्या. नाकारायला मतदान घ्यावं लागतं. न्याय समितीच्या अकराच्या अकरा रिपब्लिकन सदस्यांनी नाव येण्याआधीच, फेब्रुवारीत, लिहून दिलं होतं की सुनावणीच घेणार नाही. ते नाव २९३ दिवस पडून राहिलं आणि ३ जानेवारी २०१७ ला जुन्या सिनेटबरोबर आपोआप संपलं.

तुमचा मधला प्रश्न: असं बसून राहता येतं का? घटनेच्या दुसऱ्या कलमात एवढंच आहे की अध्यक्ष नाव सुचवेल आणि सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने नेमणूक करेल. किती दिवसांत, मतदान घेतलंच पाहिजे का, एक शब्द नाही. दाद मागायला कुठे जागाच नव्हती.

त्या वर्षभर कोर्ट आठांवर चाललं. २३ जून २०१६ ला ओबामांच्या स्थलांतरितांच्या योजनेचा निकाल आला. ज्यांची मुलं इथली नागरिक आहेत अशा, कागद नसलेल्या आईबापांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना, सुमारे ४० लाख लोकांचा प्रश्न. निकाल एका ओळीचा: न्यायालय समसमान विभागलेलं असल्याने खालचा निर्णय कायम. कारणं नाहीत, मतं कोणाची कुठे तेही नाही. आमच्या घराचं छप्पर शाकारून गेलेला एक माणूस होता, त्याच्या दोन मुली इथे जन्मलेल्या. त्या उन्हाळ्यात तो मला विचारत होता, हरलो म्हणजे का हरलो? त्याला दाखवायला माझ्याकडे ती एक ओळ होती.

डॅलसवासी

वाईकर, तुमच्या सासूबाईंची गोष्ट वाचून वाईट वाटलं. पण ताई, तुम्हाला उलटतपासणी होणार आहे म्हणून दुसरी बाजूही घेऊन जा. मी २०१६ ला ट्रम्पना मत दिलं आणि या एका जागेसाठी दिलं. ट्रम्पनी मे महिन्यातच अकरा नावांची यादी जाहीर केली होती. कोण येणार हे मला आधी माहीत होतं. तेव्हा "जनतेचा आवाज" हे माझ्यासाठी नुसतं निमित्त नव्हतं, मी तो आवाज दिला.

भांडणही २०१६ ला सुरू झालेलं नाही. १९८७ मध्ये रेगन यांनी सुचवलेल्या रॉबर्ट बोर्क यांना डेमोक्रॅट बहुमताच्या सिनेटने ४२ विरुद्ध ५८ ने पाडलं. जून १९९२ मध्ये तेव्हाचे सिनेटर जो बायडन, न्याय समितीचे अध्यक्ष, सिनेटमध्ये उभे राहून म्हणाले की या उन्हाळ्यात जागा रिकामी झाली तर निवडणूक होईपर्यंत अध्यक्षांनी नाव देऊ नये. नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी खालच्या कोर्टांच्या नेमणुकांसाठी साठ मतांची अट साध्या बहुमतावर आणली. मॅकॉनेल यांनी एप्रिल २०१७ मध्ये तेच सुप्रीम कोर्टाला लावलं.

२०१६ आणि २०२० मध्ये खरा फरक आहे. २०१६ ला अध्यक्ष एका पक्षाचा, सिनेट दुसऱ्याची. मतदारांनी २०१४ मध्ये ओबामांना आवर घालायला सिनेट रिपब्लिकनांना दिली होती. २०२० ला दोन्ही एकाच पक्षाकडे, आणि २०१८ मध्ये मतदारांनी सिनेटमधल्या त्यांच्या जागा वाढवल्या होत्या. ज्याच्याकडे नेमण्याचा आणि संमतीचा, दोन्ही अधिकार आहेत त्याने ते का वापरू नयेत? डेमोक्रॅट्सही २०१६ ला "आपलं काम करा" म्हणत होते आणि २०२० ला "थांबा" म्हणायला लागले. हेही मांडा.

संत्रानगरी

नागपूरहून. ताई, आपल्याकडचं तुम्हाला माहीतच आहे, तरी गटात विचारतीलच म्हणून लिहितो. आपल्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश ६५ ला आणि हायकोर्टाचा ६२ ला निवृत्त होतो. जागा कोणत्या दिवशी रिकामी होणार हे नेमणुकीच्या दिवशीच ठरलेलं असतं. तिकडे आजन्म नेमणूक, म्हणून सगळं मरणावर किंवा न्यायाधीशाच्या मर्जीवर. माझ्या मते सगळ्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

मात्र बसून राहण्याची विद्या आपल्याकडेही आहे. कॉलेजियमने, म्हणजे नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने, न्या. के. एम. जोसेफ यांचं नाव जानेवारी २०१८ मध्ये पाठवलं, सरकारने एप्रिलमध्ये परत केलं, शपथ ऑगस्टमध्ये झाली. आणि १९७३ तर विसरूच नका. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारतीचा निकाल २४ एप्रिलला, आणि लगेच शेलट, हेगडे, ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश. तिकडची भांडणं निदान टीव्हीवर सगळ्यांसमोर होतात. आपली फाइल कुठल्या टेबलावर आहे तेही कळत नाही.

पंचगंगेकाठी

तिघांचे मनापासून आभार. वाईकरदादा, दोन पाकिटांचा भाग वाचून मी वहीतला पहिला मुद्दाच बदलला. डॅलसवासी म्हणतात तो फरक, अध्यक्ष आणि सिनेट एका पक्षाचे असण्याचा, मला वकील म्हणून बिनतोड वाटतोय. यावर तुमचं काय म्हणणं? आणि हे सगळं झाल्यावर कोर्टाकडे बघायची लोकांची नजर बदलली का?

वाईकर_हॅरिसबर्ग

डॅलसवासी, तुम्ही उघडपणे आणि नीट मांडलंत, बरं वाटलं. डेमोक्रॅट्सनी दोन वेळा दोन भाषा केल्या हे मला मान्य आहे. मी त्यांनाच मत देतो, आणि २०२० ला आमच्या बाजूचे लोक २०१६ ची स्वतःची भाषणं विसरलेले पाहून मलाही अवघडल्यासारखं झालं होतं.

पण तुमचा फरक निवेदनात कुठे होता? १३ फेब्रुवारी २०१६ ला जनतेला सांगितलं गेलं ते "तुमचा आवाज" हे. विरोधी पक्षाची सिनेट असेल तर हा नियम, आपली असेल तर तो, असं त्या संध्याकाळच्या निवेदनात नव्हतं. ते कलम ठळकपणे पुढे आलं ते आपली पाळी आल्यावर. दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी तर २०१६ मध्ये चक्क सांगितलं होतं की रिपब्लिकन अध्यक्षाच्या पहिल्या मुदतीच्या शेवटच्या वर्षी जागा रिकामी झाली तर पुढच्या अध्यक्षाने भरावी असं मीच म्हणेन, आणि तेव्हा माझे शब्द माझ्याविरुद्ध वापरा. २०२० ला समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत तेच होते आणि ट्रम्पनी गिन्सबर्ग यांच्या जागी सुचवलेल्या एमी कोनी बॅरेट यांची सुनावणी त्यांनीच चालवली. १२ ऑक्टोबरला सुरुवात. २२ तारखेच्या समितीच्या मतदानावर डेमोक्रॅट्सनी बहिष्कार घातला आणि रिकाम्या खुर्च्यांवर ओबामांच्या आरोग्यविम्यावर जगणाऱ्या लोकांचे मोठे फोटो उभे केले. मी ते दृश्य दुपारच्या सुट्टीत गोदामातल्या टीव्हीवर पाहिलं. ट्रकवाले, पॅकिंगवाले, सगळे गप्प उभे होते. २६ तारखेला ५२ विरुद्ध ४८. रिपब्लिकनांपैकी विरोधात फक्त मेनच्या सुसान कॉलिन्स. त्याच रात्री व्हाइट हाउसच्या हिरवळीवर शपथ. मतदानाला आठ दिवस उरले होते आणि लाखो लोकांनी टपालाने मतं देऊनही टाकली होती, सासूबाईंनी धरून.

गिन्सबर्ग यांनी शेवटच्या दिवसांत नातीकडून एक इच्छा लिहून घेतली होती, नवा अध्यक्ष येईपर्यंत आपली जागा भरली जाऊ नये. तिला कायद्यात किंमत नाही हे मला समजतं. डॅलसवासींना वाटतं तसं दोन्ही वेळा घटना पाळली गेली हेही मी मानतो. माझी तक्रार दिलेल्या शब्दाची आहे. नियम म्हणून सांगायचं, त्यावर लोकांची मतं मागायची, आणि चार वर्षांनी तोच नियम आपल्याला आडवा आला की बाजूला ठेवायचा. गावच्या पंचायतीत कोणी असं केलं असतं तर पुढच्या बैठकीत त्याच्या शब्दावर कोणी विसंबलं नसतं.

बोर्क यांचं म्हणाल तर त्यांना पूर्ण सुनावणी मिळाली, सभागृहात मतदान मिळालं, हरले ते मतदानात. आणि त्याच जागेवर शेवटी अँथनी केनेडी आले. ३ फेब्रुवारी १९८८, निवडणुकीचं वर्ष, अध्यक्ष रिपब्लिकन, सिनेट डेमोक्रॅटांची, ९७ विरुद्ध ०. जागा १९८७ मध्येच रिकामी झाली होती असं तुम्ही म्हणाल, ते बरोबर आहे. पण वर्षभर थांबा असं तेव्हा सिनेट म्हणाली नाही. बायडन बोलले तेव्हा तर जागाच रिकामी नव्हती, कोणाचंही नाव अडलं नाही.

नजरेचं म्हणाल तर ताई, मंजुरीचे आकडेच वहीत एकाखाली एक लिहा. स्कॅलिया १९८६, ९८-०. गिन्सबर्ग १९९३, ९६-३. विचारांनी ते दोघे दोन टोकांना, आणि तरी जिवाभावाचे मित्र, ऑपेराला एकत्र जाणारे. त्यानंतर गोर्सच २०१७, ५४-४५, स्कॅलियांच्या त्याच खुर्चीवर. कॅव्हनॉ ५०-४८. बॅरेट ५२-४८. केतांजी ब्राउन जॅक्सन २०२२, ५३-४७. गार्लंड यांना मात्र २०२१ मध्ये महान्यायवादी म्हणून याच सिनेटने ७०-३० ने संमती दिली. म्हणजे माणूस नकोसा कधीच नव्हता.

२४ जून २०२२ ला गर्भपाताचा निकाल आला आणि जवळपास पन्नास वर्षांचा हक्क गेला. त्या संध्याकाळी कॉलेजातल्या मुलीचा फोन आला. निकालात काय लिहिलंय हे तिने विचारलंच नाही. "बाबा, गार्लंड असते तर? बॅरेट नसत्या तर?" हेच. मी तिला म्हटलं, आधी निकाल वाच. तिने वाचला, मला दोन परिच्छेद पाठवले, पण प्रश्न तोच राहिला. मी तिच्या वयाचा होतो तेव्हा वाईच्या कोर्टात आजोबांचा जमिनीचा दावा लागला, आपल्या विरुद्ध. आजोबा चिडले, रडले, पण न्यायाधीश कोणी नेमला हा विचार घरात कोणाच्या मनाला शिवला नाही. माझ्या मुलीच्या मनात तो पहिला येतो.

संत्रानगरी म्हणतात तो उपाय इथे मांडला जातोय. १८ वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक जागा, म्हणजे प्रत्येक अध्यक्षाला एका मुदतीत दोन. बायडन यांनी जुलै २०२४ मध्ये त्याला पाठिंबा दिला. मला तो पटतो. कोणाच्या तब्येतीच्या बातम्यांवर देशाने डोळे लावून बसावं हे मला सहन होत नाही. गिन्सबर्ग इस्पितळात गेल्या की आमच्या गोदामात चर्चा व्हायची. एका म्हाताऱ्या बाईच्या आजारपणाची अशी चर्चा व्हावी? पण बहुतेकांच्या मते त्याला घटनादुरुस्ती लागेल, म्हणजे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यं. माझ्या हयातीत दिसेल असं वाटत नाही.

पंचगंगेकाठी

दादा, एकच शेवटचं. त्या तीन दिवसांत उशिरा पोचलेल्या मतांचं पुढे काय झालं? गटात हे नक्की विचारतील.

वाईकर_हॅरिसबर्ग

२८ ऑक्टोबरला कोर्टाने घाईने सुनावणी घ्यायला नकार दिला. बॅरेट त्या निर्णयात सहभागी झाल्या नाहीत. उशिरा आलेली पाकिटं वेगळी ठेवायची सूचना राज्याने दिलीच होती, न्या. अलिटो यांनी तसा आदेशही दिला. सगळ्या राज्यात मिळून ती सुमारे १० हजार होती आणि अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांतलं इथलं अंतर ८० हजारांहून जास्त निघालं, त्यामुळे निकालात ती धरण्याची वेळ आली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टाने ते प्रकरण ऐकायलाच नकार दिला. थॉमस, अलिटो आणि गोर्सच यांनी आपलं वेगळं मत नोंदवलं.

ती बातमीही मी सासूबाईंना वाचून दाखवली होती. शेंगा सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझं मोजलं ना पण?" मी काउंटीच्या यादीत त्यांच्या नावापुढची नोंद उघडून फोन त्यांच्या हातात दिला. २१ ऑक्टोबर, मिळालं. त्यांनी चष्मा लावून ती तारीख दोनदा वाचली.